बूट न काढता मोजलेलं बीपी

ज्यांच्या घरात नुकतंच बीपीचं मशीन आलं आहे आणि जे रोज सकाळी त्याच्याशी भांडत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात बावीस वर्षं स्टोअर सांभाळते. नट कुठे, बेअरिंग कुठे, किती आलं, किती गेलं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. अशा बाईने सात महिने एकच चूक रोज, वेळेवर आणि सुंदर अक्षरात केली. त्या चुकीपायी माझ्या एका गोळीच्या तीन झाल्या आणि डोळ्याचं ऑपरेशन दोनदा रद्द झालं. ती चूक आणखी कोणी करू नये, एवढाच हेतू.

एका तासात दोन

जूनमध्ये कंपनीत वार्षिक तपासणी असते. कँटीनची टेबलं भिंतीला लावून डॉक्टर बसतात आणि आम्ही हातात फॉर्म घेऊन रांगेत उभे राहतो. आधी डोळे तपासले. उजव्या डोळ्याने मला खालच्या तीन ओळी दिसल्याच नाहीत. मला वाटलं, चष्मा बदलायचा असेल. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू. उजवा बराच पिकलाय, डावा सुरू झालाय."

"मी बावन्न वर्षांची आहे," मी म्हणाले.

"होतं बावन्नलाही."

पुढच्या टेबलावर बीपी. १५८ वर ९८. थोड्या वेळाने परत घेतलं, तरी १५६. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई फार हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, घरी कोणाला आहे का?" वडिलांना होतं. वडील त्यातच गेले, पक्षाघाताने, पंधरा दिवस अंथरुणावर पडून. हे मी त्यांना सांगितलं नाही. हातातल्या फॉर्मच्या मागे लिहून घेतलं: १. मोतीबिंदू. २. बीपी. लिहिल्यावर माझ्या जिवाला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

फ्रीजवरची यादी

घराजवळच्या फिजिशियनांनी एक गोळी सुरू केली. मीठ कमी, रोज चाळीस मिनिटं भरभर चालणं आणि घरी मशीनवर मोजून वहीत नोंद. मोजायचं कसं, याची एक छापील चिठ्ठीही दिली. ती मी वहीच्या मागच्या कव्हरला स्टेपल करून ठेवली, आणि तिच्यातलं कामाचं तेवढं काढून फ्रीजवरच्या यादीत लिहिलं:

५.१५ उठणे
५.३० चालणे
६.१५ बीपी – बसून
६.२० चहा
६.३० डबे

मशीन पुण्याहून लेकीने पाठवलं, प्रज्ञाने. नजरेआड ठेवलेली वस्तू वापरात राहत नाही, हे स्टोअरमध्ये शिकलेलं शहाणपण. म्हणून मशीन ठेवलं दारातल्या चपलांच्या कपाटावर, आणि शेजारी एक स्टूल. जॉगिंग ट्रॅकला चार फेऱ्या मारायच्या, घरी यायचं, तीन जिने चढायचे (आमच्या इमारतीला लिफ्ट नाही), दार उघडायचं, स्टुलावर बसायचं, पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. बूट काढायच्याही आधी, कारण बूट काढले की माणूस आत जातो आणि आत गेला की चहा ठेवतो. एक दिवसही चुकला नाही.

पहिल्या आठवड्यात आकडे १५२, १५५, १५४. गोळी लागू पडायला वेळ लागेल, म्हणून थांबले. महिना झाला, तरी तेच. चालणं कमी पडतंय असं ठरवून वेग वाढवला. आकडे १६०. मग फेऱ्या पाच केल्या. १६४. जितकी धावपळ करीन तितकं ते मशीन मला वरचा आकडा दाखवी. समोरच्या फ्लॅटमधले काका सकाळी गॅलरीत बसून बटाटेवडा खातात आणि त्यांचं बीपी १२४. हा मला तेव्हा फार मोठा अन्याय वाटायचा. खरं सांगायचं तर अजूनही थोडा वाटतो.

घरातली शांतता

बीपी झालं की घरातले लोक तुमच्याशी बोलायचे थांबतात. आमचे हे, भास्कर, स्वभावाने संथ. कधी आवाज चढवणार नाहीत. पण बीपी कळल्यापासून ते माझ्याभोवती असे वावरू लागले की जणू गॅसचा पाइप गळतोय. गॅसचं बिल भरायचं राहिलं, हे त्यांनी मला दहा दिवस सांगितलं नाही. का, तर "तुला टेन्शन नको."

"बिल राहिल्याचं टेन्शन आलं नसतं. लपवलंत त्याचं आलंय."

"बघ, चिडलीस. चिडू नकोस गं, बीपी वाढेल."

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा शोधून काढलं, त्याला मला एकदा भेटायचं आहे.

प्रज्ञाला रोज मशीनचा फोटो पाठवायचा असा नियम. सव्वासहाला फोटो, सहा वाजून सतरा मिनिटांनी फोन. "आई, एकशे अडुसष्ट? तू काल लोणचं खाल्लंस का?" मी लोणचं सोडून चार महिने झाले होते. आमच्या घरातली डाळ गरम पाण्यासारखी लागत होती आणि लेक माझ्यावर लोणच्याचा संशय घेत होती. एकदा मी फोटो पाठवलाच नाही, तर सातला तिने बापाला फोन केला आणि ते अंघोळीतून टॉवेलवर धावत बाहेर आले. त्यानंतर पाठवत राहिले.

रात्री मात्र अंथरुणावर पडल्यावर वडील दिसायचे. त्यांचा वाकडा झालेला ओठ आणि पाणी पाजताना गालावरून ओघळणारा थेंब. हे कोणालाच सांगितलं नाही. ते यादीत बसणारं नव्हतं.

वहीवर विश्वास

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली. त्यांच्या दवाखान्यात मोजलं की १४२, १४४ यायचं. ते जरा विचारात पडले. "माझ्याकडे कमी आणि घरी जास्त? सहसा लोकांचं उलटं असतं. दवाखान्यात भीतीने वाढतं." मग त्यांनी माझी वही चाळली. तारीख, झोप, मीठ, पावलं, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी. लाल शाई, निळी शाई, आठवड्याची सरासरी. ते हसले. "अशी वही माझ्या एकाही पेशंटची नाही. वहीवरच विश्वास ठेवला पाहिजे."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. सगळ्या आजारपणात तेवढीच एक शाबासकी मिळाली होती.

पहिली तारीख, दुसरी तारीख

डोळ्याच्या ऑपरेशनची पहिली तारीख दिवाळीनंतरची. डोळ्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. खाली लिफ्टसमोर रांग होती: म्हाताऱ्या आया, त्यांना धरलेल्या सुना, एक चाकाची खुर्ची. लिफ्टसाठी उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. मी यांना म्हणाले, "तुम्ही या मागून." आणि पिशवी घेऊन जिना चढले. वर पोचले, केस पेपर दिला, आणि सिस्टरने लगेच बसवून स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा बांधला. "जेवलात कधी? शुगर आहे? दात कवळीचे का?" मी सगळ्याची उत्तरं देत होते. १७८ वर १०२.

डॉक्टरांनी मान हलवली. "आज नको. बीपी आटोक्यात आणा."

हे लिफ्टमधून बाहेर पडले तोवर मी परत निघालेही होते. "एवढ्यात झालं?" यांनी विचारलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. का, ते मलाही कळलं नाही.

मधल्या काळात कारखान्यात ते घडलं, ज्याची मला भीती होती. एका खोक्यावरचा ६ मला ८ दिसला. चुकीची बेअरिंग लाइनवर गेली आणि दीड तास लाइन बंद. बावीस वर्षांत माझ्या हातून लाइन बंद पडली नव्हती. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "मंगलताई, मार्चअखेर पूर्ण मालाची मोजणी आहे. त्याआधी डोळ्यांचं करून घ्या. नाही जमलं तर तुम्ही डिस्पॅचच्या टेबलावर बसा. स्टोअर दुसरं कोणीतरी बघेल."

डिस्पॅचच्या टेबलावर बसून गेटपासवर शिक्के मारायचे असतात. ते काम वाईट नाही. पण त्या स्टोअरमधल्या रॅकचे नंबर मी दिलेत. तिथला एकेक कप्पा मी हाताने पुसलाय.

दुसरी तारीख डिसेंबरात. या वेळी मी कसलीच कसर ठेवायची नाही असं ठरवलं. चालण्याने बीपी उतरतं ना? मग त्या दिवशी सकाळी मी सहा फेऱ्या मारल्या, भरभर. दवाखान्यात गेले, जिना चढले. १८४ वर १०६.

त्या सिस्टरने माझ्याकडे जसं पाहिलं ना, तसं आम्ही गंज लागून परत आलेल्या मालाकडे पाहतो.

फिजिशियनांनी तिसरी गोळी दिली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे आकडे नीट राहिले तरच तारीख.

आक्का

आक्का म्हणजे माझ्या नणंदबाई, भास्करच्या थोरल्या बहीण. देवळाली कॅम्पात राहतात. तीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त. आमचं जमत नाही असं नाही, पण त्यांच्या घरात कात्री शोधायला अर्धा तास लागतो आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही. औषधं बिस्किटाच्या डब्यात आणि बिस्किटं औषधाच्या. जूनमध्येच त्या म्हणाल्या होत्या, "मंगल, ये एकदा, मी बघते तुझं बीपी." मी गेले नाही. जिला स्वतःचा चष्मा सापडत नाही, ती माझं काय बघणार?

जानेवारीतल्या एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. खाली बसून जेवलो. उठताना माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी भिंत धरली. खरं तर पंधरा दिवस दुपारी असं होत होतं. मी ते अशक्तपणाच्या रकान्यात लिहीत होते.

आक्कांनी मला तिथेच आडवं केलं आणि कपाटाच्या खालून जुनं पाऱ्याचं मशीन काढलं. दोन मिनिटं माझ्या मनगटावर बोटं ठेवून गप्प बसल्या. मग मोजलं.

"एकशे चार, चौसष्ट."

"तुमचं मशीन बिघडलंय," मी म्हणाले.

"हो का? तुझं काढ पर्समधलं."

हल्ली मी मशीन आणि वही बरोबर घेऊनच फिरायचे. माझ्या मशीनवर १०६.

"आज सकाळी किती होतं?"

"एकशे सहासष्ट."

"सहा तासांत साठ कमी? मोजतेस कधी?"

"चालून आल्यावर. सव्वासहाला. रोज."

"चालून आल्यावर किती वेळाने?"

मी म्हणाले, "वेळाने कशाला? लगेच. बूट काढायच्या आत."

आक्का भावाकडे वळल्या. "भास्कर, ही रोज तीन जिने चढून धापा टाकत मशीनला हात देते, आणि तू काय बघतोस?"

"मी झोपलेला असतो," हे म्हणाले. खरं तेच बोलले.

"डॉक्टरांनी बसून मोजायला सांगितलंय, आणि मी बसूनच मोजते," मी ठासून सांगितलं. पुरावा म्हणून वही काढली. मागचं कव्हर उघडलं. छापील चिठ्ठी तिथेच होती, चारही कोपऱ्यांना स्टेपल केलेली. चष्म्याच्या आणि मोतीबिंदूच्या आडून मला ती वाचता येईना. आक्कांनी वाचली: "पाच मिनिटं शांत बसून, न बोलता, मग मोजावे. व्यायामानंतर लगेच मोजू नये."

ते मी कधीतरी वाचलं होतं. वाचूनच यादीत घेतलं होतं. रकाना अरुंद होता. म्हणून "बसून" एवढंच ठेवलं.

मला स्वतःचा इतका राग आला की तेव्हा मोजलं असतं तर मशीन फुटलं असतं. सात महिने. दोन तारखा. वर डॉक्टरांची शाबासकी.

आक्कांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, संध्याकाळची गोळी आज देऊ नका, उद्या सकाळी मोजून दवाखान्यात या. आक्का पिशवी भरून आमच्यासोबत नाशिकला आल्या. पिशवीत चष्मा टाकायला विसरल्या.

तीन आकडे

सोमवारी पहाटे त्यांनी मला हॉलमधल्या खुर्चीवर बसवलं. पाठ टेकवून, पाय जमिनीला, हात टेबलावर. "आता पाच मिनिटं काही करायचं नाही."

"कुकर लावून येते तोवर."

"बस."

"निदान कणीक—"

"मंगल, बोलायचंसुद्धा नाही."

ती पाच मिनिटं माझ्या सगळ्या आजारपणातली सर्वांत कठीण होती. पंख्यावर धूळ दिसत होती. घड्याळ एक मिनिट पुढे होतं. पाच मिनिटांनी: १२२ वर ७८.

मग त्यांनी मला सपाटीवर, सावकाश, दोनच फेऱ्या मारायला लावल्या. यांना माझ्यासोबत पाठवलं, चक्कर आली तर धरायला. तीन जिने चढून आले, स्टुलावर बसले, बूट पायात. १५६. त्यांनी मला पुन्हा हॉलमध्ये बसवलं, पंधरा मिनिटं. ११६.

तीन आकडे, एका तासातले. यांतला एकही खोटा नव्हता. मशीन खरं बोलत होतं. मी त्याला भलत्या वेळी विचारत होते.

डॉक्टरांनी ते तीन आकडे पाहिले आणि पेन खाली ठेवलं. त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. चालताना, चढताना हृदय जोरात काम करतं, तेव्हा वरचा आकडा वाढणारच; तो व्यायामाचा भाग आहे, आजार नाही. थांबल्यावर तो उतरतो, कधी आधीपेक्षाही खाली जातो. आणि रोजच्या चालण्याचा खरा फायदा आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतो, स्वस्थ बसून मोजलेल्या आकड्यात. माझा फायदा झाला होता. मी तो बघितलाच नव्हता, आणि त्यावर तीन गोळ्यांचं ओझं घातलं होतं.

"तुम्ही विचारलं का नाहीत?" मी त्यांना विचारलं. अजून राग होता.

"विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "वही बघून वाटलं, या बाईंना काय विचारायचं."

एक स्पष्ट सांगते. बीपी मला आहेच. गोळ्या मी मनाने बंद केल्या नाहीत, डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी केल्या. आता एक आहे आणि ती राहणार. हे वाचून जो कोणी गोळी सोडेल त्याच्याशी माझं भांडण.

तिसरी तारीख

फेब्रुवारीचा शेवट. सकाळचं चालणं त्या दिवसापुरतं रद्द. दवाखान्यात लिफ्टसमोर रांग होती, नेहमीसारखी. मी रांगेत उभी राहिले. पुढच्या आजीबाईंनी मागे वळून विचारलं, "तुमचाही मोतीबिंदू का?" मी हो म्हणाले आणि गप्प बसले. लिफ्ट दोनदा भरून गेली. तिसऱ्या खेपेला नंबर लागला. हे माझ्याकडे चोरून पाहत होते, की ही आता जिन्याकडे पळते.

वर तीच सिस्टर. मी बसायच्या आत तिच्या हातात पट्टा.

"सिस्टर, पाच मिनिटं थांबा."

"मावशी, मागे आठ पेशंट आहेत."

"मग त्यांचं घ्या. मी इथेच बसते. दोनदा परत गेलेय मी, तुम्हाला आठवत असेन."

तिला आठवत होते. तिने पट्टा शेजारच्या काकांना बांधला. मी स्वेटर काढून मांडीवर ठेवला, पाठ टेकवली, पाय सरळ ठेवले. मनात मालाची मोजणी आली, साहेब आले, वडील आले. ओघळणारा तो थेंबही आला. मी त्यांना येऊ दिलं. पाठवायला दुसरी जागा नव्हती.

"अगं, गाडीला स्टँड नीट लावला का मी—" यांनी सुरुवात केली.

मी नुसतं पाहिलं. ते गप्प झाले.

सिस्टर परत आली. पट्टा फुगला, सैल झाला. ती म्हणाली, "एकशे छत्तीस, ब्याऐंशी. चला, थेंब घालू."

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही. उजेड दिसला, पाणी वाहिल्यासारखं वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरचं कवच काढलं, तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती यांचा शर्ट. तो निळा नव्हता, जांभळा होता. दोन वर्षं मी त्याला निळा समजत होते.

मार्चअखेरची मोजणी मी केली. रॅक एक ते चाळीस, एका दिवसात. डाव्या डोळ्याची तारीख पुढे येईल तेव्हा येईल.

फ्रीजवर आता नवी यादी आहे. बीपी चालण्याच्या आधी आहे, आणि त्याच्याही वर एक ओळ आहे: "५.२० ते ५.२५ – काही नाही." ही ओळ मला रोज सकाळी चीड आणते. तरी पाळते.

परवा नव्या डोळ्याने जुनी वही पहिल्यापासून वाचली. सात महिने, एकही दिवस गाळलेला नाही. लाल शाई, निळी शाई, सरासरी. एक आकडा कामाचा नाही. पण अक्षर मात्र खरंच सुंदर आहे.